कोरे तळवे

लहान मुलांच्या हाडांच्या दवाखान्यात तिचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. बाकी सगळे तिला कदाचितताई म्हणत, तेही तोंडावर. तिला राग यायचा नाही. कुणी नवख्याने विचारलंच, "तुम्हीच का त्या कदाचितताई?" तर ती गंभीर चेहऱ्याने म्हणायची, "असं म्हणतात खरं."

"उद्या येताय ना?" म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "येईन कदाचित." आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर. तिचा शब्द कधी खाली पडला नाही, पण तो द्यायचा म्हटला की जीभ अडायची. संशोधनाची सवय होती ती. जेवढं हाती आहे तेवढंच बोलायचं, रतीभरही जास्त नाही.

मूळची ती फिजिओथेरपिस्ट. जन्मतःच पावलं आत वळलेली बाळं तिच्याकडे यायची. दर आठवड्याला डॉक्टर ते इवलंसं पाऊल हळूच थोडं बाहेर वळवायचे आणि प्लास्टर घालायचे. ती बाळाचा गुडघा धरून बसायची आणि कसलंतरी बेसूर गाणं गुणगुणायची. काही आठवड्यांत पाऊल सरळ. शेवटचं प्लास्टर निघालं की आया हसत-रडत ते पाऊल गालाला लावायच्या. बघणाऱ्याला वाटावं, झालं, सुटलो.

खरी परीक्षा तिथून पुढे असायची. पावलाला आपली जुनी जागा आठवत राहते. जरा ढील दिली की ते पुन्हा आत वळायला बघतं. म्हणून बाळाला बुटांचा एक जोड मिळायचा, दोन्ही बूट एका आडव्या दांडीला जोडलेले. सुरुवातीला ते सारा वेळ घालायचे आणि नंतर काही वर्षं फक्त झोपेत. बाळ वाढलं, बूट लहान झाले, की पुढचा नंबर. हे सगळं दवाखान्याकडून फुकट मिळायचं.

तरीही काही पावलं परत वळायची. का, याचं उत्तर दवाखान्यात सगळ्यांच्या ओठांवर तयार असे. "पालक बूट घालतच नाहीत हो." पुढे एक सुस्कारा, आणि विषय संपला.

कदाचितताईच्या मनात मात्र तो संपत नव्हता. त्याला कारण तिचा दादा.

दादाचं एक पाऊल तसंच होतं, कायमचं वळलेलं. त्याच्या लहानपणी हे उपचार त्यांच्या गावापर्यंत पोचलेच नव्हते. तो पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालायचा आणि त्याचा उजवा बूट नेहमी एकाच बाजूने झिजायचा. त्याने बसून करायचा धंदा निवडला, घड्याळदुरुस्तीचा, आणि जिभेला घड्याळाच्या स्प्रिंगसारखी धार लावून घेतली. दोघांची आई शेवटपर्यंत मनात धरून बसली, की आपलंच काहीतरी चुकलं. कशी झोपले, काय उचललं, कुठे पडले. कुणी काही म्हणो न म्हणो, आई स्वतःची उलटतपासणी घेतच राहते. ताईने लहानपणापासून ते पाहिलं होतं. त्यामुळे 'पालक घालतच नाहीत' हे वाक्य तिच्या घशाखाली उतरेना.

ती घरोघर गेली. कुणाच्या पलंगाच्या कडेवर, कुणाच्या जिन्यात, एकदा तर चालू शिलाई मशीनशेजारी बसून तिने विचारलं, बूट कधी घातले, कधी काढले, का काढले. दोन वर्षं हेच चाललं होतं. हळूहळू चित्र उमटलं. बूट लहान झाला की बाळ रडायचं, टाचेला फोड यायचा. पुढचा नंबर आणायचा तर पुन्हा याच दवाखान्यात यायला हवं. बूट मिळायचे तळमजल्यावरच्या भांडाराच्या खिडकीत, आणि ती फक्त सकाळी उघडी. त्याआधी डॉक्टरांची सही हवी, आणि डॉक्टर बसायचे दुपारी. म्हणजे दोनदा कामावर खाडा, दोनदा रांग. तोवर घरी आई त्या फोडाकडे बघायची आणि म्हणायची, आजच्या दिवस राहू दे. मग उद्याही राहायचं. पाऊल तेवढ्याचीच वाट बघत असायचं.

ताईने हे सगळं नीट मांडून लेख लिहिला. तो परदेशातल्या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आला. मोठ्या डॉक्टरांनी पाठ थोपटली, सगळ्यांचा चहा झाला. लेख दूरदूरच्या देशांत वाचला गेला, फक्त दोन मजले खाली उतरला नाही. भांडाराच्या खिडकीत बसणाऱ्या चावीकाकांना पत्ताही नव्हता की जगातल्या विद्वानांनी त्यांच्या खिडकीविषयी वाचलंय. खिडकी सकाळीच उघडत राहिली.

आणि मग ध्यानीमनी नसताना बातमी आली, की बुटांची योजना बंद होणार.

आरोग्य समितीच्या तपासनीसांनी शेरा मारला होता की बूट वापरलेच जात नाहीत. मग सरकारने ते द्यायचे कशाला? मोठ्या डॉक्टरांनी ताईला बोलावलं. "तुमचा अभ्यास आहे ना? समितीपुढे मांडा. योजना गेली तर यापुढची बाळं प्लास्टरनंतर मोकळ्या पायांनी घरी जातील, आणि वर्षभरात तशीच परत येतील."

ताईला समितीपुढे बोलायची सवय नव्हती. पण ती गेली. लांबच लांब टेबल, त्याच्या टोकाला समितीचे अध्यक्ष, धिप्पाड गृहस्थ, हातात जाडजूड पेन. शेजारी किरकोळ अंगाचे तपासनीस. ताई उभी राहिली आणि तिने तेच केलं, जे फक्त संशोधकच करू शकतात. तिने उणिवांपासून सुरुवात केली.

"या अभ्यासाला काही मर्यादा आहेत. कुटुंबांची संख्या फार मोठी नाही. काही जणांपर्यंत आम्ही पोचू शकलो नाही. आठवणीवर विसंबून दिलेली उत्तरं कदाचित पूर्ण अचूक नसतील..."

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे बाई, तुमचीच खात्री नाही."

"तसं नाही, साहेब. म्हणजे, कदाचित..."

"बसा. निर्णय पुढच्या बैठकीत घेऊ. नवं काही असेल तर घेऊन या, नाहीतर हा विषय मिटला." त्यांनी तपासणीच्या शेऱ्याची प्रत तिच्याकडे सरकवली. ती घेऊन ताई बाहेर आली. सगळ्यांत महत्त्वाचं होतं ते सांगायची पाळीच आली नाही.

तिथून ती थेट दादाच्या दुकानात गेली. दादाने डोळ्याला लावलेलं भिंग काढलंसुद्धा नाही.

"झालं का भाषण?"

"मर्यादांपर्यंतच झालं."

"शाब्बास! उद्या दुकानाला आग लागली तर तू बंबवाल्यांना फोन करून सांगशील, धूर दिसतोय, परंतु माझं निरीक्षण एकाच खिडकीपुरतं मर्यादित आहे."

"दादा, चेष्टा नको ना."

"बरं. एका वाक्यात सांग, तुला काय सापडलं?"

तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. वाक्य बाहेर येईना. दादाने आता मात्र भिंग काढलं.

"ज्यांच्या घरी जाऊन विचारून आलीस, त्यांना तरी सांगितलंस का?"

"नाही."

"वा! म्हणजे माझ्याकडे माणूस घड्याळ देतो, मी ते उघडतो, काय बिघडलंय ते बघतो, आणि त्याला सोडून परदेशातल्या घड्याळजीला पत्र पाठवतो."

ताईला हसू आलं आणि तिचे डोळेही भरून आले. दादाने चहाचा कप पुढे सरकवला. "आधी त्यांना सांग. त्यांच्यासमोर बोलताना तुझी जीभ एवढी अडत नाही. मी बघितलंय."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिने पालकांना प्लास्टरच्या खोलीत बोलावलं. फरशीवर पांढऱ्या भुकटीचे वाळलेले शिंतोडे, कोपऱ्यात बादल्या, बाहेरून ओढून आणलेल्या खुर्च्या. मुलं त्या खुर्च्यांखालून रांगत होती. कुलूप उघडायला चावीकाका आले होते, ते दाराशीच टेकून उभे राहिले. "उरकलं की सांगा, बंद करून जातो," म्हणाले.

समोर ओळखीचे चेहरे होते. ताई सोप्या शब्दांत बोलू लागली. किती जणांना पुढचा नंबर वेळेवर मिळाला, किती जणांना नाही, आणि त्यांच्या पावलांचं पुढे काय झालं.

बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, सगळे एकमेकांकडे बघतायत. जुळ्या मुलींची आई पुढच्याच खुर्चीत होती. दोघींपैकी एकीचीच पावलं वळलेली होती, आणि ती मांडीवर झोपली होती.

"म्हणजे..." ती चाचरत म्हणाली, "सगळ्यांच्याच घरी असं झालं?"

"पुष्कळांच्या."

"मला वाटलं होतं, मीच कमी पडले. दुसऱ्या आया बरोबर सांभाळतात, मलाच जमत नाही. घरी कुणाशी बोललेही नाही मी."

"मी तर बायकोलाच बोल लावला होता," मागून एक बाप म्हणाला. तो मान खाली घालून बसला. त्याच्या बायकोने त्याच्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात. ओझं खाली ठेवल्यावर माणूस बघतो, तसं बघितलं तिने.

एकेक जण बोलू लागला. कुणाच्या सासूने बूट लपवून ठेवले होते, नातवाचं रडणं ऐकवेना म्हणून. कुणी बूट मोठा वाटावा म्हणून आतलं अस्तर कापलं होतं. सगळ्यांचं एकच दुखणं आणि प्रत्येकाला वाटत होतं ते आपल्या एकट्याचं. ताईला आपली आई आठवली. तिला कुणीतरी अशा खोलीत बसवायला हवं होतं.

दाराशी उभे असलेले चावीकाका मध्येच म्हणाले, "ताई, एक विचारू? ही खिडकी म्हणजे माझीच ना?"

"हो, काका."

"वेळ वरून ठरवून आली होती हो. सहीचा नियमही वरूनच. मला वाटायचं, लोक येत नाहीत म्हणजे त्यांना नको असेल." त्यांनी चाव्यांचा जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "कुणी खाली येऊन सांगायचं तरी."

"चुकलंच आमचं," ताई म्हणाली. यावेळी कदाचित वगैरे काही आलं नाही.

मग तिने तपासणीचा शेरा काढला. योजना का बंद होतेय हेही पालकांना कळायला हवं होतं. शेरा सरकारी भाषेत होता, 'परत आलेल्या पादत्राणांच्या बाह्य भागावर वापराची झीज आढळून आली नाही.' पुढचा नंबर घेताना जुना जोड भांडारात परत द्यावा लागे, तेच जोड तपासनीसांनी पाहिले होते. ताईने हा शेरा अनेकदा वाचला होता आणि दर वेळी मनातल्या मनात त्याच्याशी आकड्यांनी भांडली होती. आता ती तो सोपा करून सांगू लागली.

"म्हणजे त्यांचं म्हणणं असं, की त्यांनी बूट उलटे करून पाहिले, तर तळवे अगदी कोरे, घासलेलेच नाहीत. म्हणून त्यांना वाटलं..."

आणि ती वाक्य अर्धवट सोडून थांबली. समोर जुळ्यांची आईही तिच्याकडेच बघत होती.

"तळवे?" जुळ्यांची आई म्हणाली. "अहो, हे बूट झोपेत घालायचे! झोपेत काय माझी पोरगी बाजारात जाते?"

खोलीत असा हशा उसळला की मांडीवरचं बाळ दचकून जागं झालं. ताईसुद्धा हसत सुटली, पण तिचं डोकं आता भराभर चालू लागलं होतं. दादाचा एका बाजूने झिजलेला बूट तिच्या डोळ्यांसमोर आला. जमिनीवर चालणारा बूट बाहेरून झिजतो. आणि झोपेतला?

"काका, परत आलेले जोड कुठे आहेत?"

"आहेत की. कपाटभर. टाकून द्या म्हणाले होते, पण हात होईना. एवढूसे बूट कसे टाकायचे हो?"

काकांनी भांडार उघडलं. ताईने पहिला बूट उचलला आणि आत बोटं घातली. जरा वेळाने तिने ती बाहेर काढली आणि स्वतःशीच म्हणाली, "हं."

पुढच्या बैठकीला ती दोन मोठ्या पिशव्या घेऊन गेली. एक तिच्या हातात, दुसरी चावीकाकांच्या. बाहेरच्या बाकांवर पालक बसले होते, मुलांना गप्प करत आणि स्वतःच कुजबुजत. मोठ्या डॉक्टरांनी कानात सांगितलं, "मर्यादा शेवटी." तिने मान हलवली.

तिचा विषय पुकारला. ती उभी राहिली, घसा साफ केला आणि सवयीने तोंडून निघालंच, "या अभ्यासाच्या मर्या..."

ती थांबली. खाली वाकून तिने पिशवी उचलली आणि टेबलावर रिकामी केली.

इवले इवले बूट लाकडावर सांडले, दांड्या एकमेकींवर खणखणल्या. एक जोड घरंगळत थेट अध्यक्षांच्या पाण्याच्या पेल्यापर्यंत गेला.

"हे काय?" अध्यक्ष म्हणाले.

"तपासलेले बूट, साहेब. तळवे कोरे आहेत, शेरा बरोबर आहे. आता एकदा आत हात घाला."

"हात मावणार नाही यात."

"बोटं घाला."

अध्यक्षांनी तिच्याकडे संशयाने बघितलं, पण बूट उचलला. त्यांच्या जाड बोटांपैकी दोनच आत गेली. त्यांनी ती फिरवली. मग फिरवायची थांबवली, आणि पुन्हा फिरवली, यावेळी अगदी सावकाश.

"इथे खळगे आहेत," ते म्हणाले.

"पायाची बोटं आहेत ती. मोजा."

अध्यक्ष मोजू लागले. एवढा मोठा माणूस, मान तिरकी करून, ओठ हलवत, बोटाच्या टोकाने बाळाची बोटं मोजत होता. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी एकेक बूट ओढून घेतला होता. आतलं चामडं घामाने काळं पडलेलं, टाचेची जागा गोट्यासारखी गुळगुळीत, पट्ट्यांची भोकं ताणून लांबट झालेली. तपासनीसांनी तर चष्मा कपाळावर सरकवून बूट नाकाजवळ नेला होता.

"मी बाहेरूनच बघितले हो," ते हळू आवाजात म्हणाले.

"बाहेरून तसंच दिसतं, साहेब," ताई म्हणाली. "आम्हीही इतकी वर्षं बाहेरूनच बघत होतो. पालक बूट घालत होते. ज्या घरी पुढचा नंबर वेळेवर पोचला, तिथली पावलं सरळ राहिली. जिथे पोचला नाही, तिथली वळली."

दादाने मागितलेलं वाक्य हेच होतं. ते कसं बाहेर पडलं, तिचं तिलाच कळलं नाही.

अध्यक्षांनी बूट खाली ठेवला, पण हात त्यावरच राहू दिला. "खात्रीने सांगताय?"

"अभ्यासात उणिवा आहेत. त्या शेवटच्या पानावर लिहिल्यात, एकही लपवलेली नाही. पण हे एवढं मी खात्रीने सांगते."

"मग काय करायला हवं म्हणता?"

ताईने सांगितलं. बूट वस्तीतल्या छोट्या दवाखान्यांत ठेवा, जिथे आया लसीसाठी येतातच. पुढच्या नंबरला डॉक्टरांची सही नको, नर्स पाय बघेल आणि देईल. आणि प्रत्येक घरी एक चित्रांचा कागद, पालकांच्या भाषेत लिहिलेला. चावीकाकांनी मध्येच उभं राहून सांगून टाकलं, "कुठल्या दवाखान्यात कुठले नंबर लागतील ते मी लावून देईन, साहेब. मला सगळे पाय पाठ आहेत." टेबलाभोवती हसू फुटलं.

"ठराव कोण मांडतंय?" अध्यक्षांनी विचारलं.

तपासनीसांनी हात वर केला. दुसऱ्या हातात बूट तसाच होता.

एकही हात खाली राहिला नाही. दार उघडून चावीकाकांनी बाहेर नुसती मान डोलावली आणि व्हरांड्यात असा काही गलका झाला, की शेजारच्या खोलीतली बैठक थांबली. जुळ्यांच्या आईने ताईला मिठी मारली, कडेवरच्या पोरीसकट. ताईने दादाला फोन लावला.

"झालं," ती म्हणाली.

"खात्रीने?"

"खात्रीने, दादा."

पलीकडे दादाने हातातलं काम खाली ठेवल्याचा आवाज आला. मागे घड्याळांची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. "आईला सांगायला हवं होतं," दादा म्हणाला. मग नेहमीच्या सुरात, "ये आता. चहा टाकलाय. कदाचित थंड झाला असेल."

दुसऱ्या वर्षी ताईने पुन्हा मोजणी केली. परत वळणारी पावलं इतकी कमी झाली होती, की डॉक्टरांनी तिला आकडे पुन्हा तपासायला लावले. तिने तपासले, आकडे तेच आले. यावेळी लेख परदेशी पाठवायच्या आधी तो प्लास्टरच्या खोलीत वाचला गेला, आणि पहिली प्रत भांडाराच्या भिंतीवर लागली. चावीकाका येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवत, "हा आमचा लेख." चित्रांचा तो कागद दुसऱ्या गावांनी मागून नेला, तिथल्या दवाखान्यांनी त्यावर आपापले पत्ते घातले. ताईचं नाव त्यावर कुठेच नव्हतं. तिने ते घालायचं सुचवलंही नव्हतं.

परवा ती वस्तीतल्या एका छोट्या दवाखान्यात गेली होती, काम कसं चाललंय ते बघायला. रांगेत शेजारी एक कोवळी आई बसली होती, मांडीवर दांडीच्या बुटांतलं बाळ. ताईची तिच्याशी ओळख नव्हती.

"बूट लहान झाला हे कसं ओळखता तुम्ही?" ताईने सहज विचारलं.

"सोपं आहे हो, काकू. बूट काढला की आत हात घालून बघायचं. बोटांचे खळगे टोकाला टेकले, की पुढचा नंबर. वाट बघायची नाही, घाबरायचं नाही, आणि आपलं चुकलं म्हणून रडत बसायचं नाही." ती घडाघडा बोलत होती. चित्रांच्या कागदावरचे हे शब्द ताईने दादाच्या दुकानात बसून, बारा वेळा खोडून लिहिले होते. "तुमच्या नातवाचे आहेत का पाय असे?"

"नाही," ताई म्हणाली. "पण थोडं टेकल्यावर कदाचित अजून एखादा आठवडा..."

"कदाचित-बिदाचित काही नाही!" त्या मुलीने तिला मध्येच थांबवलं. "टेकले की पुढचा नंबर. इथे सगळ्यांना माहितीये."

आतून नर्सने हाक मारली. मुलगी बाळाला सावरत उठली आणि पाच मिनिटांत परत आली, हातात नवा जोड, तळवे अगदी कोरे.